मोजणे आणि तोलणे

‘तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.’ मराठी घरांत हे वाक्य किती सहज उच्चारले जाते! त्यात शिवी नसते, आवाज चढलेला नसतो, हात उगारलेला नसतो. उलट बोलणाऱ्याला वाटते, आपण केवढ्या संयमाने बोललो. परंतु ज्याच्या वाट्याला ते येते, तो ते वर्षानुवर्षे विसरत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हे वाक्य सामान्य कुवतीच्या मुलाला सहसा ऐकावे लागत नाही. ज्याच्याकडून कुणाची काही अपेक्षाच नाही, त्याला कोण कशाला असे म्हणेल? ते राखून ठेवलेले असते हुशार मुलासाठी, गुणी मुलीसाठी, संघातल्या सर्वांत चांगल्या खेळाडूसाठी. देणगी जितकी मोठी, तितका आपला न्याय कठोर.

हा न्याय आपण नेमक्या कोणत्या मापाने करतो, हा प्रश्न माझ्यापुढे ठसठशीतपणे उभा राहिला तो हेमलकशाला.

आमच्या धर्मग्रामातील काही युवक-युवतींना घेऊन एका हिवाळ्यात मी तेथे गेलो होतो. बल्लारशापर्यंत आगगाडी, पुढे आलापल्लीच्या सागवानी जंगलातून भामरागडकडे जाणारा रस्ता. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी माडिया गोंडांच्या या मुलखात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे या दांपत्याने तो आपल्या आयुष्याच्या मोलाने उभा केला, हे वाचकांना ठाऊक आहेच. मुलांनी हे पाहावे, एवढाच माझा हेतू होता. हॉकीचा विषय तेथे निघेल, असे मनातही नव्हते.

एका संध्याकाळी जेवणे आटोपल्यावर आमची मुले अंगणात बसून गप्पा मारीत होती. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये भारताला मिळालेल्या कांस्यपदकावरून बोलणे हॉकीवर आले. बारावीत शिकणारा, स्वतः आघाडीच्या फळीत खेळणारा एक मुलगा मला म्हणाला, “फादर, तुमच्या पिढीचे सगळे लोक धनराज पिल्लेला फार मोठा खेळाडू म्हणतात. तो चार ऑलिम्पिक खेळला आणि पदक एकही नाही. मग तो मोठा कसा?”

त्याच्या स्वरात वादाची खुमखुमी नव्हती. काहीतरी दुखत असावे, असा तो स्वर होता. थोड्या वेळाने इतर मुले पांगली, तेव्हा त्याने सांगितले. मागच्या महिन्यात त्याचा संघ एका स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हरला होता. सगळ्या शाळेचे डोळे त्याच्यावर होते आणि त्याला एकही गोल करता आला नव्हता. रिक्षातून घरी येताना वडील बराच वेळ गप्प होते. घराच्या कोपऱ्यावर ते म्हणाले, “तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.” त्या दिवसापासून त्याने स्टिक हातात धरली नव्हती. प्रश्न त्याने धनराजविषयी विचारला होता. खटला त्याचा स्वतःचा होता.

म्हणून मी त्याला धनराजचाच खटला तपशीलवार सांगितला. तोच येथे मांडतो.

धनराज माझ्याच पिढीचा, माझ्याहून थोडा मोठा. १६ जुलै १९६८ रोजी पुण्याजवळ खडकीला, दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत राहणाऱ्या एका तमिळ कुटुंबात तो जन्मला. वडील मैदानाची देखभाल करीत. भावंडे मोडक्या स्टिक दोरीने बांधून, टाकून दिलेल्या चेंडूंनी खेळत. १९८९ च्या डिसेंबरात धनराज भारताकडून प्रथम खेळला आणि २००४ च्या ऑगस्टमध्ये थांबला. या काळात तो ३३९ आंतरराष्ट्रीय सामने खेळला. ऑलिम्पिक, विश्वचषक, चॅम्पियन्स करंडक आणि आशियाई क्रीडास्पर्धा, या चारही स्पर्धा प्रत्येकी चार वेळा खेळलेला तो एकमेव हॉकीपटू मानला जातो.

आता आरोपपत्र वाचू. १९९२, बार्सिलोना : भारत सातवा. १९९६, अटलांटा : आठवा. २०००, सिडनी : सातवा. २००४, अथेन्स : पुन्हा सातवा. विश्वचषकाची कथा वेगळी नाही. १९९० मध्ये लाहोरला दहावा, १९९४ मध्ये सिडनीला पाचवा, १९९८ मध्ये उट्रेख्टला नववा, २००२ मध्ये क्वालालंपूरला दहावा. आठ मोठ्या स्पर्धा आणि एकही पदक नाही. मोजायचेच म्हटले तर हिशेब येथेच संपतो. तो मुलगा चुकीचे काही बोलत नव्हता.

पण मोजणे वेगळे आणि तोलणे वेगळे. नारळ आपण मोजून घेतो, सोने मात्र तोलून घेतो. मोजायला नुसती बोटे पुरतात. तोलायला तराजू लागतो आणि तराजूला पारडी दोन असतात. एका पारड्यात खेळाडूने जे दिले ते ठेवायचे. दुसऱ्या पारड्यात काय ठेवायचे? आपण बहुधा तेथे आपली अपेक्षा ठेवतो आणि पारडे वर गेले की खेळाडूला हलका ठरवतो. माझे म्हणणे एवढेच आहे, की त्या दुसऱ्या पारड्यात आपली अपेक्षा ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. तेथे त्याच्या वाट्याला आलेले काम ठेवले पाहिजे. अपेक्षा आणि काम या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत आणि त्यांचे वजन क्वचितच सारखे असते.

धनराजकडून असलेली अपेक्षा आली कोठून, ते पाहा. ती त्याच्या जन्माच्या आधीच तयार होती. १९२८ ते १९५६ या काळात झालेल्या सहाही ऑलिम्पिकमध्ये भारताने हॉकीचे सुवर्णपदक जिंकले. पहिल्या तिन्हींत ध्यानचंद होते. स्वतंत्र भारताचे पहिले सुवर्ण १९४८ साली लंडनला, ब्रिटनला त्यांच्याच वेंबली मैदानावर ४-० असे हरवून मिळाले. लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, लॉरी फर्नांडिस अशी नावे त्या संघात होती. आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी ती अभिमानाने असत. पुढे १९६४ आणि १९८० ही दोन सुवर्णे मिळून आकडा आठ झाला. आजोबांच्या काळातल्या वाड्याची गोष्ट नातवंडांना ऐकवावी, तशी ही आठ पदके प्रत्येक नव्या खेळाडूला ऐकवली गेली.

वाड्याचे वासे मात्र धनराज येण्यापूर्वीच कुजू लागले होते. १९७६ मध्ये माँट्रिऑलला ऑलिम्पिकची हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली आणि भारत सातवा आला. १९८० च्या मॉस्कोच्या सुवर्णपदकाचा आनंद खरा. पण बहिष्कारामुळे अनेक बलाढ्य संघ तेथे आलेच नव्हते. १९८४ मध्ये पाचवा, १९८८ मध्ये सहावा. आणि १९८६ च्या लंडनच्या विश्वचषकात बारा संघांत बारावा. एकवीस वर्षांच्या धनराजच्या अंगावर १९८९ मध्ये भारताचा पोशाख चढला, तेव्हा त्याच्या हाती हे घर आले. लोकांनी मात्र त्याच्याकडून जुना वाडा मागितला. एका पिढीचे कर्ज दुसऱ्याच पिढीच्या एकट्या माणसाच्या नावावर लिहिले गेले.

मग त्याच्या वाट्याला आलेले काम कोणते होते? तो आघाडीचा खेळाडू होता. ज्यांनी त्याला धावताना पाहिले आहे, त्यांना ती मानेवर रुळणाऱ्या केसांची आकृती आठवेल : मधल्या फळीतून चेंडू घेऊन तीन-चार जणांना चकवीत प्रतिस्पर्ध्याच्या वर्तुळात शिरणारी. हॉकीत अशा धावेचा शेवट पुष्कळदा गोलात होत नाही. गोंधळलेला बचावपटू चेंडू पायाने अडवतो किंवा स्टिकला स्टिक मारतो आणि पंच पेनल्टी कॉर्नर देतो. कॉर्नर कमावण्याचे काम धावणाऱ्याचे. त्याचा गोल करण्याचे काम दुसऱ्याचे. नव्वदच्या दशकात नेदरलँड्सकडे बोव्हलँडरसारखा तज्ज्ञ होता. दशकाच्या अखेरीस पाकिस्तानला सोहेल अब्बास मिळाला. भारताकडे त्या तोडीचा माणूस त्या वर्षांत नव्हता. धनराजने जिवाच्या आकांताने कमावलेले किती कॉर्नर वाया गेले असतील, याची कल्पना करावी. वर्तुळाच्या कडेपर्यंत आणून दिलेला घास तोंडात घालणारे कुणी नव्हते आणि उपाशी राहिल्याचा दोष मात्र वाढणाऱ्यावर आला.

याहून आश्चर्याची गोष्ट पुढेच आहे. धनराजने भारतासाठी एकूण किती गोल केले, याची विश्वासार्ह अधिकृत नोंदच नाही. त्या काळच्या हॉकी महासंघाने ती ठेवली नाही. दीडशेहून अधिक असे लोक अंदाजाने म्हणतात. म्हणजे ज्याच्याकडून आम्ही एवढे मागितले, त्याने काय दिले हे नीट लिहून ठेवण्याची तसदीही घेतली गेली नाही! देणेकऱ्याकडून वसुलीचा तगादा लावायचा आणि त्याने भरलेल्या रकमेची पावती मात्र फाडायची नाही, असा हा व्यवहार झाला.

दुसरा प्रश्न जमिनीचा. माती-मुरमाच्या मैदानावर चेंडू उडतो, वळतो, अडखळतो. तेथे मनगटाची कला कामी येते. कृत्रिम हिरवळीवर तो सरळ आणि वेगाने धावतो. तेथे दम, जोरकस फटका आणि शिस्तबद्ध सांघिक हालचाल यांना मोल येते. युरोपातल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या मुलांचे पाय लहानपणीच त्या हिरवळीला सरावत होते. आमची मुले खडकीच्या चिकट मातीवर घडत होती आणि तारुण्यात पोचल्यावर त्यांना नवी जमीन शिकावी लागत होती. त्यात नियम बदलत गेले. १९९८ पासून ऑफसाइडचा नियमही कायमचा गेला. अशा काळात १९९४ च्या विश्वचषकानंतर निवडलेल्या जागतिक संघात धनराज हा एकटा भारतीय होता आणि २००२ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, कोलोनच्या चॅम्पियन्स करंडकात तो स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. त्या स्पर्धेत भारत चौथा आला होता. चौथ्या आलेल्या संघातला माणूस सर्वांत चांगला ठरतो, यातच संघाचे माप वेगळे आणि माणसाचे माप वेगळे हे सिद्ध होत नाही काय?

जमिनीविषयीचे हे बोलणे दुसऱ्या दिवशी दवाखान्यासमोर उभे असताना मला अधिक उमगले. प्रकाशभाऊ आणि मंदाताई तेथे गेले तेव्हा रस्ता नव्हता, वीज नव्हती, एकमेकांची भाषा येत नव्हती. बाहेरच्या माणसाला भिणारे माडिया लोक सुरुवातीला दवाखान्याकडे फिरकतही नसत. अशा पहिल्या वर्षांत कुणी वही उघडून विचारले असते, की ‘डॉक्टर, आज किती रोगी तपासले?’ तर उत्तर लाजिरवाणे वाटले असते. बाबा आमटे यांच्या मुलाकडून लोकांच्या अपेक्षा काय थोड्या असतील! परंतु त्या वर्षांचे काम रोगी तपासण्याचे नव्हतेच. रोग्याला विश्वासाने आपल्यापर्यंत येऊ देण्याचे होते. ते काम वहीत मोजता येत नाही, तोलता मात्र येते. २००८ साली या दोघांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा जगाने जे पाहिले, त्याचा पाया त्या मोजता न येणाऱ्या दिवसांतच घातला गेला होता. निघालो कोठून, हे सांगितल्याशिवाय पोचलो कोठे, याला काही अर्थ उरत नाही.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. तोलणे म्हणजे सबबी पुरवणे नव्हे. प्रेमापोटी जो तराजूचा काटा बोटाने दाबून धरतो, तोही खोटाच न्याय करतो. म्हणून धनराजविरुद्धचा सर्वांत जड पुरावाही पुढे ठेवतो.

सप्टेंबर २००० मधले सिडनी ऑलिम्पिक. गटातला शेवटचा सामना पोलंडशी होता. जिंकलो तर उपांत्य फेरी, म्हणजे पदक हाताच्या अंतरावर. पोलंड काही बलाढ्य संघ नव्हता. भारताकडे एका गोलाची आघाडी होती आणि सामना संपत आला होता. अगदी अखेरच्या क्षणांत पोलंडने बरोबरी साधली. भारताचे आणि दक्षिण कोरियाचे गुण सारखे झाले. पण कोरिया पुढे गेला आणि त्याने रौप्यपदक मिळवले. आम्ही काही तरुण धर्मगुरू तो सामना दूरचित्रवाणीवर पाहत होतो. संच बंद केल्यावर कितीतरी वेळ कुणी बोलले नाही. त्या सामन्यात आमच्या आघाडीच्या फळीला दुसरा गोल करता आला नाही आणि धनराज त्याच फळीत होता. हे वजन त्याच्या नावावर टाकलेच पाहिजे. त्याचा स्वभाव तापट होता, मनात येईल ते तो बोलून टाकी, हेही खरे. त्याच्या चाहत्यांनी हे नाकारू नये.

पण त्या सामन्यानंतर धनराज रडला, हेही त्याच पारड्यात ठेवले पाहिजे. बत्तीस वर्षांचा, तीन ऑलिम्पिक खेळलेला पुरुष सर्वांदेखत रडला. ज्याने राखून खेळ केला असेल, अंग चोरले असेल, तो असा रडत नाही. प्रतिभावंताकडून मागण्याजोगी एक गोष्ट निश्चितपणे असते : जे त्याच्यापाशी आहे ते त्याने मागे ठेवू नये. जिंकण्याची हमी आपण मागू शकत नाही, कारण ती त्याच्या हातात नसते. काही मागे न ठेवण्याची हमी मागू शकतो, कारण ती सर्वस्वी त्याच्याच हातात असते. या कसोटीवर धनराजला कुणी नापास केल्याचे मी ऐकलेले नाही.

आणि जेव्हा तो जिंकला, तेव्हा काय झाले? १९९८ च्या डिसेंबरात बँकॉकला त्याच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई सुवर्णपदक जिंकले. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाशी बरोबरी झाली आणि निकाल पेनल्टी स्ट्रोकवर लागला. यापूर्वीचे आशियाई सुवर्ण १९६६ चे, तेही बँकॉकचेच. मध्ये बत्तीस वर्षे गेली होती. अपेक्षा पूर्ण झाली म्हणून सत्कार व्हावा, तर लगेच पुढच्या मालिकेसाठी धनराजसह काही ज्येष्ठ खेळाडूंना संघाबाहेर बसवण्यात आले. खेळाडूंच्या मानधनाविषयी तो उघडपणे बोलला होता, याची त्या वेळी बरीच चर्चा झाली. पुढे तो परतला. २००३ मध्ये पस्तिसाव्या वर्षी त्याच्या नेतृत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात पाकिस्तानला ४-२ असे हरवून आशिया चषक प्रथमच जिंकला. पुढल्याच वर्षी अथेन्सला, आपल्या अखेरच्या ऑलिम्पिकमध्ये, त्याला मैदानावर फारच थोडा वेळ मिळाला. अपेक्षेचे हेच तर दुर्दैव आहे. ती पूर्ण केली तरी फिटत नाही. कारण ती कर्जाऊ रक्कम नसते, तिला ठरलेला आकडाच नसतो. कामाला शेवट असतो, अपेक्षेला नसतो.

असेच एका प्रशिक्षकाविषयीही सांगता येईल. मुंबईला आल्यानंतर धनराजला महिंद्राच्या संघात ज्यांचे मार्गदर्शन लाभले, ते जोकिम कार्व्हालो १९८४ च्या ऑलिम्पिकमध्ये खेळलेले. पुढे ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. मार्च २००८ मध्ये चिलीतील सँटियागो येथे ऑलिम्पिक पात्रतेच्या अंतिम सामन्यात भारत ब्रिटनकडून ०-२ असा हरला आणि १९२८ नंतर प्रथमच ऑलिम्पिकमध्ये भारताचा हॉकी संघ नव्हता. कार्व्हालो यांनी राजीनामा दिला. जबाबदारी घेणे हा त्यांचा मोठेपणा. परंतु ऐंशी वर्षांची परंपरा एका माणसाने एका दुपारी बुडवली, असे मानणे हा आपला अडाणीपणा. २०१२ मध्ये लंडनला भारत बारावा, म्हणजे शेवटचा आला. तेव्हा ना धनराज होता ना कार्व्हालो. दुखणे व्यक्तीचे नव्हते, हे तोवर सर्वांना कळून चुकले होते.

ते दुखणे बरे कसे झाले, हेही पाहण्यासारखे आहे. देशात कृत्रिम मैदाने वाढली, परदेशी प्रशिक्षक आणि व्यायामतज्ज्ञ आले, ड्रॅग फ्लिकचे तज्ज्ञ घडले, २०१८ पासून ओडिशा सरकारने राष्ट्रीय संघांना आधार दिला. मग २०२१ मध्ये टोकियोला जर्मनीला ५-४ असे हरवून एकेचाळीस वर्षांनी पदक आले आणि २०२४ मध्ये पॅरिसला स्पेनला २-१ असे हरवून पुन्हा आले. पॅरिसला कर्णधार हरमनप्रीत सिंगने दहा गोल केले. त्यांतले बहुतेक पेनल्टी कॉर्नर आणि पेनल्टी स्ट्रोकवरचे. ते कॉर्नर कुणीतरी धावून कमावले होते. त्या धावणाऱ्यांच्या गळ्यातही या वेळी पदक पडले. धनराज त्यांच्याहून कमी धावला नव्हता. त्याच्या धावेच्या टोकाशी हरमनप्रीत उभा नव्हता, एवढेच.

तेव्हा माझा निकाल असा आहे. ऑलिम्पिकमधले पदक धनराजला मिळाले नाही. ती उणीव खरी आहे, ती लपवू नये. परंतु आघाडीच्या खेळाडूचे जे काम त्याच्या वाट्याला आले, ते त्याने पंधरा वर्षे, पडक्या घरात उभे राहून, त्याच्या काळातल्या जगातल्या मोजक्या खेळाडूंच्या तोडीचे केले. ते पारडे जड आहे. उरलेली तूट आपली सर्वांची आहे. ती त्याच्या नावावर लिहू नये.

शुभवर्तमानातला थैल्यांचा दाखला आपण वर्षानुवर्षे ऐकतो. त्यातली एक गोष्ट सहसा नजरेतून निसटते. धनी प्रत्येकाला त्याच्या कुवतीप्रमाणे निरनिराळ्या थैल्या देतो आणि हिशेबाच्या दिवशी दोन थैल्यांच्या चार करणाऱ्याचीही पाचांच्या दहा करणाऱ्याइतकीच वाखाणणी करतो. त्याने आकडे मोजले असते तर दहा मोठे ठरले असते. त्याने दिलेल्याच्या प्रमाणात तोलले. रागावला तो केवळ पुरून ठेवणाऱ्यावर.

परत आल्यावर काही आठवड्यांनी त्या मुलाचे वडील मला भेटले. सज्जन गृहस्थ, मुलावर त्यांचा जीव होता, हे मला ठाऊक होते. मी त्यांना उपदेश केला नाही. एक विनंती केली : पुढच्या सामन्याला जाताना एक वही न्यायची आणि गोल सोडून बाकी सारे लिहायचे. मुलाने किती वेळा चेंडू हिरावून परत मिळवला, किती जणांना दिला, किती कॉर्नर कमावले, चेंडू गमावल्यावर किती वेळा मागे धावत आला. मुलाने पुन्हा स्टिक हाती घेतली होती. त्या सामन्यात त्याला एकही गोल करता आला नाही आणि त्याचा संघ पुन्हा हरला. वडिलांची वही मात्र साडेतीन पाने भरली होती. शेवटच्या पानावर त्यांनी दोन उणिवाही प्रामाणिकपणे लिहिल्या होत्या : डाव्या बाजूने चेंडू घेताना तो अडखळतो आणि उत्तरार्धात दमतो. ती पाने त्या दोघांनी एकत्र बसून वाचली, असे मुलानेच मला सांगितले. आता तो पहाटे उठून धावतो.

पालकहो, आपल्या घरांतून मुले मैदानावर जातील, परीक्षेला जातील, गायनाच्या आणि वक्तृत्वाच्या स्पर्धांना जातील आणि पुष्कळदा हात हलवीत परत येतील. त्यांच्याविषयी आशा बाळगू नका, असे मी म्हणणार नाही. आशेवाचून कुणी वाढत नाही. निकाल देऊ नका, असेही म्हणणार नाही; खोट्या कौतुकाने मूल जितके खचते तितके खऱ्या दोषदर्शनाने खचत नाही. एवढेच करावे, की निकाल देण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. त्याचे काम नेमके कोणते होते? त्याला जमीन कोणती मिळाली होती? आणि त्याने जे दिले, त्याची नोंद आपण ठेवली आहे का? या तिन्हींची उत्तरे हाती आल्यावर जे सांगायचे ते खुशाल सांगावे. ते कडू असले तरी मुलगा ऐकून घेईल. कारण आपल्याला आधी नीट पाहिले गेले आहे, हे त्याला कळलेले असेल.